भूल देण्याआधी ‘आ करा’ का सांगतात?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटला भेटायला जाते, तेव्हा नातेवाइकांना वाटतं की सर्जननी आपली असिस्टंट पाठवली आहे. मी बीपी बघते, छाती तपासते, जुने कागद चाळते. मग सांगते, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे न्या, खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवा. इथे बहुतेक जण बुचकळ्यात पडतात. ऑपरेशन पोटाचं आणि या दात काय बघतायत?

मी भूलतज्ज्ञ आहे. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळपर्यंत वेगवेगळ्या हॉस्पिटलांत भूल देत वीसहून जास्त वर्षं झाली. या वर्षांत माझ्या कामात सर्वांत जास्त संशोधन कशावर झालं असेल, तर ते भुलेच्या औषधांवर नाही. भूल दिल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत पेशंटचा श्वास कसा सांभाळायचा, त्यावर झालं आहे. आदल्या संध्याकाळचे ते विचित्र वाटणारे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कळव्याला राहणारा, चाळिशीतला रिक्षावाला. पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन. मी म्हटलं, “दादा, आ करा.” त्याने तोंड उघडलं. मी म्हटलं, “पूर्ण उघडा.” तो म्हणाला, “एवढंच उघडतं.” साधारणपणे माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याच्या तोंडात दीड बोट जेमतेम जात होतं. गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि ताठ, चामड्यासारखी लागत होती.

“मावा?”

“सोडला मॅडम. कधीच सोडला.”

बायको खिडकीपाशी उभी होती. “अहो, खरं सांगा ना त्यांना. परवापर्यंत खिशात पुडी सापडत होती.”

तो खाली बघत राहिला. मी त्याला सांगितलं, मी रागावायला आलेले नाही, तोंड एवढंच उघडतं हे मला आज कळलं हे फार बरं झालं. उद्या टेबलावर भूल दिल्यावर कळलं असतं, तर तुमच्या जिवाशी गाठ होती.

असं का म्हटलं, ते समजायला आधी भूल म्हणजे काय ते बघू.

पूर्ण भूल ही झोप नव्हे. झोपेत आपण श्वास घेतो, कूस बदलतो, लाळ घशात गेली तर खोकतो. पूर्ण भुलेत जीभ आणि घसा सैल पडतो, जीभ मागे घसरते आणि हवेचा रस्ता बंद होऊ शकतो. पोटाच्या ऑपरेशनात स्नायू सैल करणारं औषधही देतात, त्याने छातीचे स्नायूही थांबतात. म्हणजे पेशंट स्वतः श्वास घेतच नाही. त्याच्या वतीने तो आम्ही देतो. त्यासाठी तोंडातून श्वासनळीत एक वाकडी, पारदर्शक नळी घालावी लागते. बायकांना साधारण ७ मिलिमीटर आतल्या व्यासाची, पुरुषांना साडेसात ते आठची. टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीच्या बाजूने हवा निसटत नाही आणि पोटातलं काही वर आलं तर फुप्फुसात शिरत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण घशाच्या तळाशी दोन दारं पुढे-मागे आहेत. पुढे श्वासनळी, दोन स्वरतंतूंच्या मधून जाणारी. मागे अन्ननलिका. लॅरिंगोस्कोप नावाच्या, दिवा लावलेल्या पात्याच्या अवजाराने जीभ उचलायची, स्वरतंतू दिसले की त्यांच्या मधून नळी सरकवायची. तोंड उघडत नसेल, मान वाकत नसेल, हनुवटी आत असेल, गळ्यात गाठ किंवा सूज असेल, तर ते स्वरतंतू दिसत नाहीत. आणि हे सगळं चाललेलं असताना पेशंटचा श्वास थांबलेला असतो. घड्याळ चालू असतं.

ते घड्याळ किती वेळ देतं?

ठाणेकरांना शटडाऊन समजावून सांगावा लागत नाही. ‘उद्या सकाळी ९ पासून २४ तास पाणीपुरवठा बंद’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की रात्रीच पिंप, बादल्या, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरला जातो. भुलेच्या औषधाने श्वास थांबतो तिथपासून नळी जागेवर बसेपर्यंतचा वेळ हा शरीराचा शटडाऊन आहे. टाकी म्हणजे फुप्फुसं. साधा श्वास सोडल्यावरही त्यांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. पण हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, बाकी बहुतेक नायट्रोजन. म्हणजे अडीच लिटरच्या टाकीत कामाचा साठा जेमतेम अर्धा लिटर. मोठ्या माणसाचं शरीर पडल्या पडल्याही मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. तेव्हा नुसत्या हवेवर असलेल्या माणसाचा श्वास थांबला, तर एका-दोन मिनिटांत साठ्याचा तळ दिसू लागतो.

म्हणून आम्ही आधी मास्क घट्ट धरून शुद्ध ऑक्सिजन देतो. तीन मिनिटं नेहमीसारखा श्वास, किंवा घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास. तेवढ्यात नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्याच टाकीत दोन लिटरहून जास्त ऑक्सिजन मावतो. धडधाकट माणसाला यातून आठ मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. मास्क तोंडावर धरला की बरेच जण घाबरतात, मान फिरवतात, ‘गुदमरतंय’ म्हणतात. त्यांना मी हीच शटडाऊनची गोष्ट सांगते. पिंप भरतोय, तीन मिनिटं नळाखालून काढू नका. बहुतेक सगळे हसतात आणि मास्क नीट धरू देतात.

पण सगळ्यांची टाकी सारखी नसते. खूप वजन असलेल्या माणसाच्या पोटाचा भार आडवं झाल्यावर फुप्फुसांवर येतो, टाकी आक्रसते आणि खर्च मात्र जास्त. त्याला आठ मिनिटांऐवजी तीनेक मिनिटंच मिळतात. गरोदर बाईचंही तसंच, टाकी लहान आणि वापर दोघांचा. लहान मूल वजनाच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या दुप्पट ऑक्सिजन वापरतं. वजनदार पेशंटला सपाट न झोपवता डोक्याकडची बाजू २५ अंश वर उचलली, तर जास्त वेळ मिळतो हे संशोधनात दिसलं आहे. त्याला काही खर्च नाही, टेबलाचा हँडल फिरवायचा एवढंच. नळी घालत असताना नाकातून ऑक्सिजन चालू ठेवला तरी साठा हळू आटतो. २०१५ साली लंडनमधल्या एका अभ्यासात नाकातून मिनिटाला ७० लिटरपर्यंत गरम, दमट ऑक्सिजन सोडून बघितलं. श्वासमार्ग अवघड असलेल्या २५ पेशंटपैकी निम्म्यांना १४ मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ मिळाला, एकाला तर ६५ मिनिटं. इतका प्रवाह देणारं यंत्र सगळीकडे नसतं. पण नाकात साधी नळी घालून मिनिटाला १५ लिटर सोडता येतो, आणि आपल्या भारतीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

साठा संपण्याची रीतही फसवी आहे. खारघरची टेकडी वर बरीच सपाट आहे, चालताना उंचीवर आहोत हे जाणवत नाही, आणि कडेला आलो की एकदम उतार. रक्तातल्या ऑक्सिजनचं तसंच. शंभरवरून पंचाण्णवपर्यंत आकडा निवांत उतरतो. नव्वदच्या खाली गेला की धाडकन कोसळतो. शिवाय बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर काही सेकंद आधीची परिस्थिती दाखवत असतो. हे यंत्र ज्या कल्पनेवर चालतं ती ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७४ मध्ये मांडली. कोविडमध्ये ते घरोघरी पोचलं, पण ऑपरेशन थिएटरमधल्या मोठ्या यंत्राला आवाजही असतो. ऑक्सिजन उतरला की त्या बीपचा सूर खाली येतो. मान वळवून आकडा बघायची गरज पडत नाही. सर्जन बोलत असू दे, एसी घरघरत असू दे, तो सूर अर्ध्या पट्टीने जरी उतरला तरी माझ्या पाठीला कळतो.

आता ‘आ करा’कडे येऊ.

तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ आणि घशाच्या कमानी किती दिसतात, त्यावरून नळी घालणं अवघड जाईल का हे ओळखायची पद्धत शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये २१० पेशंटवर अभ्यास करून मांडली. ते मूळचे आंध्रचे, गुंटूरला शिकलेले, नंतर बॉस्टनमध्ये काम करणारे. आज जगात कुठल्याही भूलतज्ज्ञाच्या कागदावर हे तेलुगू आडनाव असतं, आणि ते लिहिताना मला अजून बरं वाटतं. ना सुई, ना मशीन, ना पैसा. फक्त माणसाला समोर बसवून नीट बघायचं.

पण या तपासणीला मर्यादा आहेत, आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. डेन्मार्कमध्ये १,८८,०६४ पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१५ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांतल्या ३,३९१ जणांना नळी घालणं अवघड गेलं. त्यांच्यापैकी ९३ टक्के वेळा भूलतज्ज्ञाला आधी अंदाजच आला नव्हता. उलट ‘हे अवघड जाणार’ असं ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्यांतल्या चौघांपैकी एकाच्याच बाबतीत ते खरं ठरलं. वरचा ओठ चावायची तपासणी त्यातल्या त्यात बरी, पण तीसुद्धा शंभर अवघड पेशंटपैकी सुमारे ६७ ओळखते.

मग तपासायचं कशाला? माझं उत्तर असं आहे. कळव्याच्या त्या दादांसारखे जे दिसण्यासारखे आहेत, ते तरी निसटू नयेत म्हणून. आणि बाकीच्यांच्या बाबतीत, तपासणी उत्तम आली तरी आपण फसू शकतो हे धरून टेबलापाशी उभं राहायचं म्हणून.

गेल्या वीस वर्षांतल्या संशोधनाने आम्हाला हे दुसरं शिकवलं. आधीच्या पिढीत चांगला भूलतज्ज्ञ म्हणजे कुठल्याही गळ्यात नळी घालणारा, असा समज होता. नळी गेली नाही की पुन्हा, अजून एकदा, पाय रोवून अजून एकदा. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधल्या २,८३३ गंभीर आजारी पेशंटचा अभ्यास २००४ मध्ये आला. दोन प्रयत्नांत नळी गेली तिथे ऑक्सिजन धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ११.८ टक्के होतं, दोनपेक्षा जास्त प्रयत्न झाले तिथे ७० टक्के. हृदय बंद पडण्याचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ११ टक्क्यांवर गेलं. प्रत्येक प्रयत्नागणिक घसा सुजतो, रक्त येतं, आणि आधी मास्कने सहज जाणारा ऑक्सिजनही जाईनासा होतो. नळी गेली नाही म्हणून माणूस दगावत नाही, ऑक्सिजन पोचला नाही म्हणून दगावतो.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाच्या तरुण आईचं नाक-सायनसचं साधं, ठरवून करायचं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर ना नळी गेली, ना मास्कने ऑक्सिजन. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. ते सगळे नळी घालण्याच्या प्रयत्नात गुंतले आणि वीसेक मिनिटं निघून गेली. एका नर्सने गळ्यातून वाट करायचा सेट आणून ठेवला होता, तसं सांगितलंही होतं. कुणाच्या कानात ते शिरलं नाही. तेरा दिवसांनी एलेन गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. कुणाला तरी शिक्षा व्हावी एवढंच त्याने मागितलं नाही. त्याने विचारलं की विमानात असं झालं असतं तर आम्ही चौकशी करून शिकलो असतो, तुम्ही काय शिकता? २००७ मध्ये त्याने याच कामासाठी एक गट उभा केला. अनुभवी माणूसही ताणाखाली एकाच गोष्टीला चिकटून बसतो, त्याचं वेळेचं भान सुटतं, आणि हाताखालचा माणूस बोलायला कचरतो. हे दुबळेपण नाही, मेंदू असाच चालतो. म्हणून आधीच ठरवून ठेवायचं.

आमच्याकडे २०१६ मध्ये ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने आपल्या परिस्थितीला धरून सूचना छापल्या. त्यांचा गाभा असा की नळी घालायचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, तेही ऑक्सिजन ९५ किंवा वर असेल तरच. दोन प्रयत्नांच्या मधे मास्कने पिंप परत भरायचा. नाही जमलं तर स्वरयंत्राच्या वर बसणारा लॅरिंजियल मास्क, त्याचे प्रयत्न दोन. लंडनच्या आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये बनवलेल्या या छोट्या मऊ मास्कने किती जीव वाचवले असतील याचा हिशेब नाही. तो बसला, ऑक्सिजन जायला लागला, की थांबायचं आणि विचार करायचा. पेशंटला उठवता येईल का? तोही बसला नाही तर साध्या मास्कने शेवटचा एक प्रयत्न. आणि काहीच चालत नसेल तर कंठमण्याच्या जरा खाली बोट फिरवलं की जी खाच लागते, तिथे छेद देऊन थेट श्वासनळीत वाट करायची. हे शेवटचं पाऊल बहुतेक भूलतज्ज्ञांवर सबंध आयुष्यात एकदाही टाकायची वेळ येत नाही. म्हणूनच पुतळ्यावर त्याचा सराव करत राहावा लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंना गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी भूल देत होते. तपासणी सगळी सरळ. तोंड छान उघडत होतं, मान वळत होती. जुन्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर ‘ऑपरेशन व्यवस्थित पार पडले’ असं होतं. भूल दिली, लॅरिंगोस्कोप घातला, आणि स्वरयंत्रावरच्या झाकणाची फक्त कड दिसली. स्वरतंतू नाहीतच. उशी बदलली, पातं बदललं, नळीला वाट दाखवणारी बारीक लवचीक कांडी, म्हणजे बूजी, घालून बघितली. नाही. मधे मास्कने ऑक्सिजन दिला, तो छान जात होता, आकडा ९७. आणि खरं सांगते, माझा हात तिसऱ्यांदा लॅरिंगोस्कोपकडे आपोआप गेला. या वेळी जाईल असं त्या क्षणी मनापासून वाटतं.

ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, दोन झाले. मास्क देऊ?” लॅरिंजियल मास्कचं पाकीट त्यांनी फोडून हातात धरलं होतं. सकाळी केस सुरू करायच्या आधी मीच त्यांना सांगितलं होतं, दोन झाले की मोठ्याने बोला, मी चिडले तरी बोला. मास्क बसला, छाती वर आली, मॉनिटरवर लाट उमटली. ऑपरेशन तातडीचं नव्हतं. सर्जनशी बोलून आम्ही बाईंना उठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी म्हणाली, “चार वर्षांपूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं झालं, तेव्हाही आईचे ओठ सुजले होते. आठ दिवस गिळता येत नव्हतं. नळी घालताना जरा त्रास झाला, असं म्हणाले होते.” म्हणजे त्या डॉक्टरांना कळलं होतं. कार्डावर एक ओळ लिहिली असती तर मी पहिल्यापासून वेगळी तयारी केली असती. याचा मला अजून राग येतो. मुलीलाही मी विचारलं नव्हतं, नुसतं कार्ड वाचलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते. आधी भूल घेतली होती का, नंतर घसा खूप दुखला का, ओठ सुजला का, दात हलला का, कुणी काही बोललं होतं का?

मॉनिटरवर लाट उमटली असं वर म्हटलं, तिच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. नळी अन्ननलिकेत गेली तर पोटात हवा भरत राहते आणि फुप्फुसात काहीच जात नाही. भीती अशी की ते लगेच कळतही नाही. स्टेथोस्कोप लावून ऐकलं तरी फसगत होते, नळीत धुकं दिसलं तरी होते. आणि पिंप आधी भरून ठेवल्यामुळे ऑक्सिजनचा आकडा काही मिनिटं चांगलाच दिसतो. खात्री एकाच गोष्टीने पटते. फुप्फुसातून परत येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो, पोटातून येणाऱ्या हवेत तो टिकून राहत नाही. कॅप्नोग्राफ तो मोजून प्रत्येक श्वासाला एक चौकोनी लाट काढतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की किमान सात श्वास ती लाट नीट यायला हवी. लाट नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरून चालायचं, आपल्या डोळ्यांनी आत जाताना बघितली असली तरीही.

ब्रिटनने एक मोठा हिशेब मांडला होता. तिथल्या सगळ्या सरकारी हॉस्पिटलांतून एक वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर घटना गोळा केल्या, अहवाल २०११ मध्ये आला. अंदाजे २९ लाख पूर्ण भुलांमध्ये १३३ गंभीर घटना, त्यांत १६ मृत्यू. म्हणजे सुमारे १,८०,००० भुलांमागे एक. सगळ्या घटना कळवल्या गेल्या नसतील हे लेखकांनी स्वतःच लिहिलं आहे, तरी भूल किती सुरक्षित झाली आहे हे यातून दिसतं. त्याच अहवालात आयसीयूमधले मृत्यू आणि मेंदूला झालेल्या इजा बघितल्या, तर त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश घटनांत कॅप्नोग्राफ वापरलेलाच नव्हता. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांनी मला ‘तुमच्याकडे ते कार्बन डायऑक्साइडचं मशीन आहे ना?’ असं विचारलं, तर मला मुळीच राग येणार नाही. विचारावंच.

दुसरा मोठा बदल कॅमेऱ्याचा. घाटातल्या वळणावर गोल आरसा लावलेला असतो, त्यात पलीकडची गाडी दिसते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या टोकाला असलेला कॅमेरा तेच काम करतो. २०२२ मध्ये २२२ अभ्यास आणि २६,१४९ पेशंट एकत्र धरून आढावा घेतला गेला, त्यात कॅमेऱ्याने नळी न जाण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी आणि आयसीयूतल्या १,४१७ पेशंटवर थेट तुलना झाली. पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याचं प्रमाण कॅमेऱ्याने ८५.१ टक्के, साध्याने ७०.८. मी माझा कॅमेरा गाडीतच ठेवते, कारण छोट्या हॉस्पिटलमध्ये तो असेलच असं नाही. तरी रक्त किंवा उलटीने काच माखली की तो आंधळा होतो, आणि तोंड दीड बोटच उघडत असेल तर त्याचं पातंही आत जात नाही.

उपाशी राहण्याबद्दल थोडक्यात. जेवण, नाश्ता, दूध, दुधाचा चहा ऑपरेशनच्या सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदी तपासून ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातलं गेल्याचं दाखवलं, तिथून हे नियम आले. ‘एवढासा चहा दिला, सोबत पारले बुडवून’ असं ऑपरेशनच्या सकाळी कुणी सांगितलं तर मी रागावत नाही, ऑपरेशन पुढे ढकलते. लपवलं तर मात्र काही करता येत नाही. आणि वजन कमी करायचं, आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर जरूर सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला उशीर लागतो.

आता त्या रिक्षावाल्या दादांकडे परत. माव्यातल्या सुपारीने गालाच्या आत तंतूंचे ताठ पट्टे तयार होतात, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असं तोंड मला सारखं भेटतं. यातली मेख अशी की भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, हे पट्टे सैल पडत नाहीत. तोंड दीड बोटच राहतं. लॅरिंगोस्कोप जात नाही, कॅमेरा जात नाही, आणि ज्याच्यावर आपण वाचू तो लॅरिंजियल मास्कही जात नाही. पहिली वाट बंद आणि दुसरीही बंद. म्हणून अशा माणसाचा श्वास आधी थांबवायचाच नाही. जागेपणीच नळी घालायची.

गंमत बघा, भुलेसाठी तोंडातून नळी घालण्याची पहिली नोंद अशाच पेशंटची आहे. १८७८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी जिभेच्या मुळाशी कॅन्सर असलेल्या माणसाला, तो जागा असताना, बोटांच्या अंदाजाने नळी घातली आणि मग भूल दिली. आज टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी हीच कल्पना पातळ दुर्बिणीने वापरतात.

आम्ही दादांना टेबलावर अर्धवट बसवलं. लाळ कमी करायचं इंजेक्शन दिलं. सर्दीला टाकतात तसले थेंब नाकात टाकले, म्हणजे रक्त येत नाही. मग बधिर करणारं औषध वाफेतून, नाकात, घशात. थोड्या वेळाने ते म्हणाले, “घसा माझा नाहीच असं वाटतंय.” तेच हवं होतं. दुर्बीण शेवेच्या जाड काडीएवढी, तिच्यावर नळी आधीच ओवलेली. नाकातून हळूहळू आत. स्क्रीनवर गुलाबी कमान आली, मग पांढऱ्या दोन रेघा, प्रत्येक श्वासाला उघडणाऱ्या. मी म्हटलं, “दादा, मोठा श्वास घ्या.” रेघा उघडल्या, दुर्बीण आत गेली, श्वासनळीच्या कड्या दिसल्या. नळी सरकवली तेव्हा ते दोनदा खोकले. सिस्टरनी त्यांचा हात धरला होता. मॉनिटरवर लाट आली, एक, दोन, सात. मग भुलेचं औषध दिलं.

नळी काढतानाही घाई केली नाही. त्या ब्रिटिश अहवालातल्या जवळपास एक तृतीयांश घटना भूल उतरताना किंवा नंतर घडल्या होत्या, सगळं संपलं असं वाटत असताना. दादांनी डोळे उघडले, सांगितल्यावर माझा हात घट्ट दाबला, मान उचलून धरली, तेव्हा नळी काढली.

संध्याकाळी मी त्यांना एक पत्र दिलं. तोंड किती उघडतं, काय केलं, कुठल्या नंबरची नळी कुठल्या नाकपुडीतून गेली, पुढे कधीही भूल द्यायची असेल तर आधी हे वाचावं, सगळं मराठीत आणि इंग्रजीत. तोंडाच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी त्याला जोडली, कारण अशा तोंडाची तपासणी पुढेही होत राहायला हवी. वहिनींनी दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो काढला, मूळ कागद आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून घातले आणि विचारलं, “मॅडम, माझा भाऊ पण मावा खातो. त्याचं तोंड किती उघडतं ते घरीच बघता येईल का, तीन बोटांनी?”

मी म्हटलं, त्याचीच तीन बोटं, उभी धरून.